‘सवय झालीया’ : रेझिलिअन्स मोजायला गेले तेव्हा

पेटचा निकाल लागला की माझ्या फोनवर साधारण एकाच प्रकारचे मेसेज यायला लागतात. यंदा त्यातला एक असा होता : ‘ताई, सिनॉप्सिससाठी पूरग्रस्तांची रेझिलिअन्स घेऊ का? स्केल तयार मिळतंय, सॅम्पल आमच्या गावातच आहे.’

प्रश्नात चूक काही नाही. विषय जवळचा, साधन हाताशी, प्रवासखर्च शून्य. गाइडही खूश होतील. चार वर्षांपूर्वी मी स्वतः हेच म्हणाले होते, जवळजवळ याच शब्दांत. म्हणून मला त्याला पटकन ‘घे’ म्हणता आलं नाही आणि ‘घेऊ नको’ही म्हणता आलं नाही. उत्तर टाइप करता करता लांबत गेलं. तेच इथे लिहितेय, कारण तुमच्यापैकी बरेच जण आज ना उद्या या शब्दापाशी येऊन थांबणार आहात. मानसशास्त्रातून या, समाजकार्यातून या, भूगोलातून या किंवा अर्थशास्त्रातून. रेझिलिअन्स सगळीकडे आहे.

आधी शब्दाचा थोडा इतिहास. तो माहीत नसला की माणूस पहिल्या आरआरसीतच अडकतो.

मानसशास्त्रात या शब्दाला वजन मिळालं त्यात एमी वर्नर यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सगळ्या, म्हणजे ६९८ मुलांचा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा अनेक अडचणी एकत्र आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, सक्षम माणसं म्हणून मोठी झाली. हे वाक्य तुम्हाला प्रत्येक पुस्तकात सापडेल. पण गोष्ट तिथे संपत नाही. उरलेल्या दोन तृतीयांशांपैकीही बरेच जण तिशीपर्यंत सावरले. कशाने? पुन्हा शिकायची संधी मिळाली, सैन्यात नोकरी लागली, बरा जोडीदार मिळाला, एखाद्या धार्मिक समूहाचा आधार मिळाला. म्हणजे वर्नरबाईंच्या अभ्यासात दोन गोष्टी आहेत : काही मुलं टिकली आणि काहींना दारं उघडून मिळाली. पुढे पहिलीच गाजली. दुसरी का गाजली नाही, हा प्रश्न वाचताना मनात ठेवा.

त्याच सुमारास, पण अगदी वेगळ्या वाटेने, सी. एस. हॉलिंग या परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हाच शब्द जंगलं, तळी, मासे यांच्यासाठी वापरला. धक्का बसल्यावर जुन्या जागी किती लवकर परत येता, हे त्याच्या दृष्टीने मुख्य नव्हतं. किती धक्के पचवूनही तुमची घडण मोडत नाही, हे मुख्य. हा फरक बारीक वाटतो, पण आपल्या कामात तोच निर्णायक ठरतो. ‘लवकर पूर्वीसारखं होणं’ आणि ‘न मोडणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली बरीचशी स्केल्स पहिली गोष्ट विचारतात आणि आपण प्रबंधात दुसरीबद्दल लिहितो.

आता स्केल्स. कॉनर आणि डेव्हिडसन यांचं २००३ चं स्केल २५ विधानांचं आहे. प्रत्येक विधानाला शून्य ते चार गुण, एकूण शंभर. (ते वापरायला परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडे ती किती जण घेतात हा वेगळा विषय.) स्मिथ आणि सहकाऱ्यांचं २००८ चं छोटं स्केल सहाच विधानांचं आहे, तीन सरळ आणि तीन उलट. मी दोन्ही वापरली. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात, २०२१ च्या पुरानंतर दीड वर्षाने.

शिरोळ का, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्या या एका तालुक्यात आहेत. इकडे शहरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तीच पातळी ओलांडली. त्याआधी २००५ होतंच. पावसाळ्यात आमच्याकडे लोक एकमेकांना आधी ‘किती फूट?’ विचारतात आणि मग ‘कसं काय?’

तर पहिली अडचण भाषेची आली, आणि ती अजून सुटलेली नाही.

रेझिलिअन्सला मराठीत काय म्हणायचं? शोधगंगेवर शोधलंत तर लवचिकता, चिवटपणा, कणखरपणा, सहनशीलता, मनोधैर्य असं काय काय सापडेल. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात असं आपण धरून चालतो. चालत नाहीत. लवचिकता म्हटलं की वेताची छडी आठवते. वाकवणारा हात सुटला की ती सरळ होते. चिवटपणा हरळीचा, किती उपटा, पुन्हा येते. कणखरपणाला तालमीतल्या मातीचा वास आहे. आणि सोशिकपणा? तो शब्द मी कुठल्याही पुरुषासाठी क्वचितच वापरलेला ऐकलाय. सोशिक सून असते, सोशिक आई असते, सोशिक बैल असतो. सोशिक जावई ऐकलाय का कधी? एका भाषांतरात एका विधानासाठी ‘सोशिक’ वापरलात, तर त्या विधानाला बायका जास्त गुण देणार आणि पुरुष कमी. मग तुम्ही टी-टेस्ट लावणार आणि ‘स्त्रियांमध्ये रेझिलिअन्स लक्षणीयरीत्या जास्त आढळली’ असं लिहून मोकळे होणार. सापडला तो मराठी भाषेचा एक गुणधर्म.

‘बॅक ट्रान्सलेशन केलंय’ असं म्हणून सुटता येत नाही. आम्ही केलं होतं. ‘बाउन्स बॅक’साठी आम्ही ‘पूर्ववत होणे’ असं लिहिलं. दुसऱ्या भाषांतरकाराने ते इंग्रजीत व्यवस्थित परत नेलं, तिन्ही तज्ज्ञांनी माना डोलावल्या, परिशिष्टात प्रमाणपत्रं लागली. गावात पहिल्याच घरी एका आजींना मी ते विधान वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘पूर्ववत म्हंजे? लाइट आली व्हय?’ बरोबरच आहे. पूर्ववत वाहतूक होते, वीजपुरवठा होतो, दूध संकलन होतं. माणूस पूर्ववत झाला असं कुणी बोलत नाही.

मग लोक बोलतात काय? मी नंतर वेगळी वही केली. रेटायचं. कड काढायची. तग धरायचा. दम काढायचा. निभावून न्यायचं. आणि सगळ्यात जास्त वेळा : सवय झालीया. या वहीचा मला स्केलपेक्षा जास्त उपयोग झाला. यातला एकही शब्द ‘माझ्यात अमुक गुण आहे’ असं सांगत नाही. सगळी क्रियापदं आहेत आणि सगळ्यांत वेळ आहे. कड काढायची म्हणजे कशाचा तरी शेवट होईपर्यंत थांबायचं. दम काढताना आत काहीतरी संपत जातं, हे त्या शब्दातच आहे. स्केल मात्र गुण मोजतं, साठा मोजत नाही.

आता जे सांगायचंय ते.

माझ्या नमुन्यात सर्वाधिक गुण एका पन्नाशीच्या बाईंना मिळाले. शंभरपैकी ८८. दोन म्हशी, पाऊण एकर ऊस, नवरा वारलेला, मुलगा इचलकरंजीला. २००५, २०१९, २०२१ अशा तिन्ही वेळा घरात पाणी. मी विधान वाचायचे आणि त्या म्हणायच्या, ‘व्हय, तसंच हाय.’ मधेच म्हणाल्या, ‘आता सवय झालीया बघ. पाणी वाढाय लागलं की म्हशी सोडायच्या, कागदाची पिशवी घ्यायची, शाळंत जाऊन बसायचं. रडून काय पाणी उतरतंय व्हय?’ मी ते वाक्य लगेच लिहून घेतलं. प्रबंधाच्या प्रकरणाला शीर्षक मिळालं म्हणून मला आनंद झाला, हे कबूल करते. एका चर्चासत्रातल्या माझ्या पहिल्या पेपरात त्या बाई ‘उच्च रेझिलिअन्स’चं उदाहरण म्हणून होत्या.

चार महिन्यांनी मुलाखतींसाठी पुन्हा गेले, तेव्हा आशाताई योगायोगाने त्यांच्या अंगणात बसल्या होत्या, बीपीचं मशीन घेऊन. आकडा १९० वर ११०. चौकशी केल्यावर कळलं, बीपीची गोळी बंद आहे. कधीपासून? पुरापासून. डबा वाहून गेला, फाइल भिजली, मग ‘गोळी संपली ती संपली, त्येच्यात कोण जातंय दवाखान्यात’ असं करत दोन वर्षं होत आली होती. डोकं दुखतं का? दुखतं की. चक्कर? ‘म्हशीखाली बसून उठलं की येती जरा.’ आशाताईंनी जरा दरडावल्यावर त्या म्हणाल्या, ‘मी जातो की सोमवारी.’ (आमच्याकडे बायकाही ‘जातो’च म्हणतात. ट्रान्सक्रिप्ट करताना ते ‘जाते’ करू नका, कृपा करून.)

पहिल्या भेटीत मी आरोग्याबद्दल विचारलंच नव्हतं असं नाही. माहितीपत्रकात ‘काही दीर्घ आजार आहे का?’ असा रकाना होता. त्यांनी ‘न्हाई’ म्हटलं होतं आणि मी शून्य लिहिलं होतं. मग मी जुनं पत्रक काढून बसले. २५ विधानांपैकी बहुतेकांना एकच उत्तर. याला पद्धतीच्या पुस्तकात होकाराचा कल म्हणतात आणि त्यावर उपाय म्हणून उलटी विधानं घालायला सांगतात. ते ठीक आहे. पण इथे नुसता कल नव्हता. ‘मला जमत नाही’ हे परक्या माणसासमोर न म्हणणं, हाच ज्या बाईच्या स्वतःबद्दलच्या कल्पनेचा कणा आहे, तिला मी ‘तुम्हाला जमतं का?’ असं पंचवीस वेळा विचारलं होतं. आणि ज्या गोष्टीमुळे ती दवाखान्यात गेली नव्हती, तिलाच मी ८८ गुण दिले होते.

असं म्हणू नका की हा एका केसचा अपवाद आहे. मीही तसं म्हणून बघितलं. नंतरच्या मुलाखतींत मी फक्त एक प्रश्न वाढवला : पुराच्या आधी कुठली गोळी चालू होती आणि ती आज चालू आहे का? टक्केवारी इथे देत नाही, नमुना तेवढा नाही. पण ‘बंद आहे’ म्हणणाऱ्यांमध्ये वरच्या गुणांची माणसं होती, एवढं नक्की.

पुरुषांचं वेगळं. कोल्हापूरच्या माणसाकडून रांगडेपणाची अपेक्षा असते आणि तो ती मनापासून पुरी करतो. तालीम मंडळाची पोरं पुरात ज्या तडफेने बोटी काढतात, ते मी पाहिलंय. त्याबद्दल वाकडा शब्द लिहिणार नाही. पण एका गृहस्थांनी मला सांगितलं की पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की झोप उडते, रात्रभर उठून पायरी बघून यावी लागते. हे कशामुळे असं विचारलं तर म्हणाले, ‘वय झालं आता.’ वय बेचाळीस. बीपी, शुगर हे शब्द पुरुष सहज बोलतात, मशीनवर आकडा येतो म्हणून असेल. भीतीला आकडा नाही, म्हणून तिला वय म्हणायचं. आपण स्वतःला कसे आहोत असं मानतो, त्यावर कुठली लक्षणं सांगायची आणि कुठली गिळायची हे ठरतं.

यात आणखी एक कागद आहे, तो विसरू नका. पंचनामा.

२०१९ च्या पुरानंतर सानुग्रह अनुदान ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार असं ठरलं. त्यासाठी तलाठी, ग्रामसेवक आले, भिंतीवरची पाण्याची खूण बघितली, यादी झाली. पंचनाम्यासमोर माणसाला आपलं किती मोडलं हे दाखवावं लागतं. चूल मोडली, भिंत खचली, धान्य कुजलं. पुढच्या आठवड्यात संशोधक येतो स्केल घेऊन. त्याच्यासमोर किती मोडलं नाही हे सांगावं लागतं. त्याच ओट्यावर, तीच बाई. दोन्ही वेळा ती खोटं बोलत नसते. इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाने दाखवलंय की माणसांचं वर्गीकरण दगडांच्या वर्गीकरणासारखं नसतं. माणसाला आपला वर्ग कळतो, तो त्याप्रमाणे वागायला लागतो आणि मग वर्गच बदलतो. हॅकिंग वाचताना मला ते जड वाटलं होतं. पंचनामा आणि स्केल शेजारी ठेवल्यावर ते सोपं झालं. ‘पूरग्रस्त’ आणि ‘खंबीर’ हे दोन्ही भरायचे फॉर्म आहेत, आणि भरता भरता माणूस थोडा तसा होतो. आणि या दोन्ही फॉर्मांत बीपीच्या गोळीला रकाना नाही.

आता आरोग्याच्या व्याख्येकडे येते. इथे मला वाचकांनी जरा जास्त लक्ष द्यावं असं वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेची १९४८ पासूनची व्याख्या तुम्हाला पाठ असेल : शारीरिक, मानसिक, सामाजिक असं संपूर्ण स्वास्थ्य. ‘संपूर्ण’ या शब्दावर बरीच टीका झाली, कारण मग कुणीच निरोगी उरत नाही. २०११ मध्ये माख्टेल्ड ह्यूबर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वेगळी मांडणी सुचवली. बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची आणि स्वतःचं स्वतः सांभाळण्याची क्षमता म्हणजे आरोग्य. मधुमेह असलेला माणूसही या अर्थाने निरोगी असू शकतो. मांडणी माणुसकीची आहे आणि दीर्घ आजाराच्या काळात उपयोगाचीही. पण हीच व्याख्या घेऊन माझ्या बाईंकडे जा. जुळवून घेतलंय? पुरेपूर. स्वतःचं स्वतः सांभाळतात? गावात कुणालाही विचारा. म्हणजे १९० वर ११० असताना त्या निरोगी ठरतात!

इथे मला ज्यांची मदत झाली ते जॉर्ज कांगिलेम. फ्रेंच तत्त्वज्ञ, डॉक्टरही. त्यांचा मूळ प्रबंध १९४३ चा. कांगिलेम म्हणतात त्याचा मथितार्थ असा : निरोगी असणं म्हणजे नुसतं चालू परिस्थितीत बसणं नव्हे; परिस्थिती बदलली, दगा दिला, तरी नवी रीत घालून घेता येईल एवढी शिल्लक हाताशी असणं. आजारी माणूसही एका अरुंद परिस्थितीत जुळवून घेतलेलाच असतो. त्याला त्याबाहेर पडायची मुभा उरलेली नसते, एवढंच. बाईंनी जुळवून घेतलं होतं हे खरं, पण शिल्लक खाऊन. रोजचा दिनक्रम बसला होता, म्हशी धुतल्या जात होत्या. पण पुढच्या पुरासाठी, एखाद्या साध्या तापासाठीसुद्धा, अंगात मोकळी जागा नव्हती. माझ्या स्केलला ही शिल्लक दिसत नव्हती. स्केलला फक्त दिनक्रम दिसत होता.

या टप्प्यावर तुम्हाला टीकाकार भेटतील आणि ते तुम्हाला फार आवडतील, सावध राहा. जोनाथन जोसेफ, मार्क निओक्लिअस यांचे २०१३ चे लेख, ब्रॅड इव्हान्स आणि ज्युलियन रीड यांचं २०१४ चं पुस्तक. मुद्दा थोडक्यात असा की रेझिलिअन्स ही नवउदारमतवादी युक्ती आहे. शासन हात झटकतं आणि माणसाला सांगतं, धक्के येतच राहणार, तू तयार राहा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यानंतर ‘मुंबई स्पिरिट’चं जे कौतुक झालं, ते आठवलं की हे पटतं. दुसऱ्या दिवशी कामावर गेलेल्या माणसाला पगार कापला जाण्याची धास्ती होती की स्पिरिट होतं, हे कुणी विचारलं नाही. आमच्याकडेही तेच. ‘कोल्हापूरकर खचत नाही’ हे वाक्य पाणी उतरायच्या आधीच स्टेटसवर लागतं.

पण हे टीकाकार मला दोन ठिकाणी कमी पडतात. एक, त्यांना बहुतेक वेळा धोरणांचे कागद दिसतात, ओटा दिसत नाही. बाईंना मी जाऊन सांगू का, की मावशी, तुमचा खंबीरपणा ही जागतिक भांडवलाची युक्ती आहे? त्यांचा खंबीरपणा भांडवलाच्या आधीचा आहे, नवऱ्याच्या माघारी कमावलेला आहे आणि त्यावर त्यांची गावातली पत उभी आहे. तो काढून घेतला तर हातात काय देणार? वीणा दास यांचं दिल्लीतल्या गरीब वस्त्यांवरचं २०१५ चं ‘अफ्लिक्शन’ वाचा. आजार, उसनवारी, डॉक्टर, शेजारी हे सगळं रोजच्या जगण्यात कसं गुंतलेलं असतं ते त्यात आहे, आणि कुणाचाही पुतळा केलेला नाही किंवा कुणाला बिचारंही केलेलं नाही.

दुसरं, हा शब्द प्रत्येक वेळी माणसावरच ओझं टाकतो असं नाही. महापुरांनंतर जागतिक बँकेच्या मदतीने आखलेल्या प्रकल्पाचं नावच ‘महाराष्ट्र रेझिलिअन्स डेव्हलपमेंट प्रोग्रॅम’ आहे. तिथे कोल्हापूर-सांगलीच्या पुराचं पाणी, नद्या, पूर्वसूचना यांची भाषा आहे. ते होईल, कसं होईल, यावर भांडावं. पण तिथे निदान शब्द नदीला आणि शासनाला लावलाय. स्टीफन कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्येच परिसंस्थांबद्दल एक प्रश्न विचारून ठेवलाय : कशाची रेझिलिअन्स, कशाला तोंड देताना? त्याला मी कोल्हापुरातून एक शेपूट जोडते : आणि कुणाच्या जिवावर?

हे विचारलं की बऱ्याच गोष्टी नीट दिसतात. करवीर तालुक्यातल्या चिखली-आंबेवाडीचं घ्या. १९८९ च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला जागा देण्याचं ठरलं, तरी पुढच्या प्रत्येक महापुरात जुनं गाव पाण्यात असतं. याचं कारण ‘लोकांना सवय झाली आहे, ते हलत नाहीत’ असं एका वाक्यात सांगून टाकलं, की शेत किती लांब पडतं, गोठा कुठे बांधायचा, वाढलेल्या कुटुंबाला तो प्लॉट पुरतो का, हे सगळे प्रश्न मिटतात. लोक ‘सवय झालीया’ म्हणतात ते स्वतःला धीर द्यायला. तेच वाक्य अहवालात गेलं की ते लोकांविरुद्धचा पुरावा होतं. माझ्या पेपरातही तेच झालं होतं, म्हणून हे इतकं लिहितेय.

लव्हाळ्याबद्दलही एक सांगून ठेवते. पुरावरच्या दर दुसऱ्या मराठी प्रबंधाच्या पहिल्या पानावर तुकोबांचा महापूर आणि लव्हाळ्याचा दाखला असतो. तो अभंग लहानपण मागणारा आहे, देवाकडे मागितलेल्या नम्रतेचा. पूरग्रस्ताने वाकायला शिकावं, असा सल्ला त्यात नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात तो होता, गाइडनी तांबड्या पेनाने बाजूला फक्त ‘?’ काढलं. तेव्हा राग आला होता.

मग स्केल टाकून द्यायचं का? मी टाकलं नाही. एक तर सांख्यिकी टाकून देणं हा आळशी लोकांचा क्रांतिकारीपणा असतो. दुसरं म्हणजे आकड्यांशी भांडायला आकडेच लागतात. जॉर्ज बोनानो यांनी २००४ मध्ये मांडलं की मोठ्या आघातानंतर सावरलेलं राहणं हाच बहुतेक माणसांचा मार्ग असतो. त्यावर इन्फुर्ना आणि लुथार यांनी २०१६ मध्ये जुनाच डेटा घेऊन, विश्लेषणातली गृहीतकं बदलून पाहिली, तर ‘सावरलेल्यां’चं प्रमाण बरंच घसरलं. हा वाद मुळातून वाचा. एखाद्या मॉडेलमधलं एक गृहीतक किती माणसांना खंबीर ठरवतं, हे त्यातून कळतं, आणि ते सांख्यिकी येत असल्याशिवाय कुणाला दाखवता आलं नसतं.

मी केलं ते एवढंच. स्केल ठेवलं, पण गुणांना निकाल न म्हणता एक प्रकारची मुलाखत म्हटलं : माणूस परक्यासमोर स्वतःला कसं मांडतो त्याची नोंद. त्याच्या शेजारी गोळ्यांची, झोपेची, कर्जाची, दवाखान्याच्या अंतराची नोंद ठेवली. मायकेल उंगार यांच्या मांडणीचा इथे उपयोग झाला. ते रेझिलिअन्स माणसाच्या आत न शोधता, त्याला लागणारी साधनं कुठे आहेत आणि तिथपर्यंत पोहोचता येतं का, हे विचारतात. विचारण्याची वेळही बदलली. पुरानंतर दीड वर्षाने सगळेच सावरलेले असतात, किंवा तसं सांगण्यात तयार झालेले असतात. मृग निघाला, पहिला जोराचा पाऊस झाला की जा. तेव्हा वेगळं बोलतात. आणि जमलं तर उत्तर लिहून झाल्यावर पेन खाली ठेवून थोडं बसा. माझ्या वहीतली निम्मी वाक्यं पेन खाली ठेवल्यानंतरची आहेत.

त्या पेपराचं काय झालं असं कुणीतरी विचारेल. तो छापून झाला होता. मी संपादकांना दुरुस्तीसाठी मेल केला, उत्तर आलं नाही. प्रबंधात आता त्या बाईंवर उदाहरणाऐवजी एक आख्खं उपप्रकरण आहे आणि त्यात माझं पत्रक, माझा शून्य, सगळं आहे. आरआरसीत एका सरांनी विचारलं, ‘स्वतःची चूक प्रबंधात कशाला?’ मी म्हणाले, डेटा तोच आहे सर. ते काही बोलले नाहीत; नापसंतीने की विचारात पडून, मला कळलं नाही.

बाई सोमवारी गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्या सोमवारी आशाताई स्वतः घेऊन गेल्या, म्हशीची धार शेजारणीने काढली. गोळी चालू आहे, पुरवठा असेल तेव्हा.

मेसेज करणाऱ्या त्या मुलाला मी शेवटी एवढंच लिहिलं : स्केल नंतर बघू. आधी हे सांग, तुमच्या गावात पाणी उतरल्यावर पहिल्यांदा दवाखान्यात कोण गेलं आणि कुणाच्या गाडीवरून गेलं? त्याला माहीत नव्हतं. आईला विचारून सांगतो म्हणाला.